रिॲक्टर का फुटतो? केमिकल कंपनीत तापमान हाताबाहेर कसं जातं?

२३ मे २०२४ ची दुपार. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत स्फोट झाला. आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या, धुराचे लोट लांबून दिसत होते. दहापेक्षा जास्त लोकांचा जीव गेला. लोकांच्या मोबाईलवर सुरुवातीला जे मेसेज फिरले, त्यात एकच वाक्य होतं, ‘बॉयलर फुटला.’ पहिल्या बातम्यांमध्येही तेच होतं. नंतर मात्र शब्द बदलला. बॉयलर नाही, रिॲक्टर.

बॉयलर काय आणि रिॲक्टर काय, फुटलं ते फुटलं, असं कुणालाही वाटेल. पण या दोन शब्दांमध्ये मोठा फरक आहे. तो समजला की केमिकल कंपन्यांमध्ये तापमानाला एवढं का जपतात हे समजतं. आणि अशा अपघातानंतर नेमके कोणते प्रश्न विचारायचे, हेसुद्धा.

सोप्या भाषेत समजून घेऊ.

बॉयलर आणि रिॲक्टर यात फरक काय?

बॉयलर म्हणजे पाण्याची वाफ करणारं यंत्र. खाली किंवा आत जाळ असतो, वर पाणी असतं. घरातल्या प्रेशर कुकरचा मोठा भाऊ म्हणा. कुकरच्या शिट्ट्या जास्त व्हायला लागल्या की आपण काय करतो? गॅस बंद करतो. थोड्या वेळाने कुकर आपोआप शांत होतो. बॉयलरचंही साधारण तसंच. जाळ थांबवला की नवी उष्णता येणं थांबतं.

रिॲक्टर म्हणजे ज्या भांड्यात रसायनं एकत्र करून नवीन रसायन बनवतात ते बंद भांडं. (अणुऊर्जा प्रकल्पातली अणुभट्टी वेगळी, तिचा इथे संबंध नाही.) औषधं, रंग, कीटकनाशकं, प्लास्टिक, अत्तरं या सगळ्यांसाठी लागणारी रसायनं अशा रिॲक्टरमध्ये तयार होतात. काही रिॲक्टर शंभर लिटरचे असतात, तर काही दहा-वीस हजार लिटरचे.

आता मुख्य फरक. बऱ्याच रिॲक्टरमध्ये उष्णता बाहेरून येत नाही, ती आतल्या रसायनांमधूनच येते. म्हणजे कुकर आहे, शिट्ट्या होतायत, पण बंद करायला गॅसच नाही. जाळ भाताच्याच आत आहे.

आतून उष्णता येते म्हणजे नेमकं काय होतं?

ही गोष्ट वाटते तेवढी अनोळखी नाही. पूर्वी दिवाळीच्या आधी घराला चुना मारायचे. त्यासाठी कळीचा चुना पाण्यात टाकला की पिंप खदखदायला लागायचं, वाफा निघायच्या. खाली चूल नसायची. चुना आणि पाणी यांच्या रिॲक्शनमधूनच ती उष्णता यायची. थंडीच्या दिवसांत सकाळी गावाकडचा उकिरडा उकरला की वाफा निघतात. तिथेही कुणी जाळ लावलेला नसतो. शेण आणि पालापाचोळा कुजताना उष्णता तयार होते.

अशा उष्णता सोडणाऱ्या रिॲक्शनला उष्मादायी अभिक्रिया म्हणतात. केमिकल उद्योगातल्या कितीतरी महत्त्वाच्या रिॲक्शन याच प्रकारच्या आहेत. त्यात वाईट काही नाही. फक्त तयार होणारी उष्णता तेवढ्याच वेगाने बाहेर काढावी लागते.

त्यासाठी रिॲक्टरच्या भिंतीभोवती दुसरी भिंत असते. त्याला जॅकेट म्हणतात. दोन भिंतींच्या मधून थंड पाणी किंवा त्याहून थंड मिठाचं पाणी फिरवतात. काही रिॲक्टरमध्ये आत नळीची गुंडाळी बसवतात आणि तिच्यातून पाणी सोडतात. आत एक मोठा पंखा फिरत असतो, तो सगळं मिश्रण ढवळत राहतो. ढवळल्यामुळे उष्णता एका जागी साचत नाही, भिंतीपर्यंत पोचते आणि पाण्याबरोबर निघून जाते.

उष्णता तयार होते तेवढीच बाहेर जाते, तोवर सगळं ठीक. तापमान स्थिर राहतं, बॅच पूर्ण होते, शिफ्ट संपते.

मग बिघडतं कुठे?

बिघडतं ते एका साध्या गणितामुळे. या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल, तर हे गणित ठेवा.

रसायनशास्त्रात एक ढोबळ नियम आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की रिॲक्शनचा वेग साधारण दुप्पट होतो. वेग दुप्पट, म्हणजे दर मिनिटाला तयार होणारी उष्णताही दुप्पट.

कूलिंगचं तसं नाही. जॅकेटमधलं पाणी किती उष्णता ओढून नेणार, हे रिॲक्टर आणि पाणी यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. फरक जेवढा वाढेल, तेवढंच कूलिंग वाढतं.

एक उदाहरण घेऊ. समजा जॅकेटमधलं पाणी ३० अंशांवर आहे आणि रिॲक्टर ८० अंशांवर. फरक ५० अंशांचा. कूलिंग पूर्ण ताकदीने चालू आहे आणि तयार होणारी उष्णता व बाहेर जाणारी उष्णता अगदी बरोबरीत आहेत. आता काही कारणाने तापमान वर सरकलं.

- ९० अंशांवर तयार होणारी उष्णता २ पट, कूलिंग १.२ पट.
- १०० अंशांवर तयार होणारी उष्णता ४ पट, कूलिंग १.४ पट.
- ११० अंशांवर तयार होणारी उष्णता ८ पट, कूलिंग १.६ पट.

हे आकडे समजण्यासाठी घेतलेत, प्रत्येक रिॲक्शनचे आकडे वेगळे असतात. पण चित्र असंच असतं. एक जिना चढतोय आणि दुसरा लिफ्टने निघालाय. एका मर्यादेनंतर कूलिंग उष्णतेला गाठूच शकत नाही. तापमान वाढतं म्हणून रिॲक्शन जोरात होते, आणि रिॲक्शन जोरात होते म्हणून तापमान आणखी वाढतं. याला इंडस्ट्रीत ‘रनअवे रिॲक्शन’ म्हणतात, म्हणजे लगाम तोडून पळालेली रिॲक्शन.

यातली सगळ्यात भीतीदायक बाब म्हणजे वेळ. सुरुवातीला काटा हळूहळू सरकतो. अर्ध्या तासात दोन-चार अंश. ‘बघू, येईल खाली’ असं वाटण्याइतका हळू. आणि मग शेवटच्या काही मिनिटांत एकदम उसळी घेतो. आतलं द्रव उकळतं, वायू तयार होतो, दाब वाढतो आणि भांडं फुटतं.

लॅबमध्ये तर काही झालं नव्हतं!

अपघातानंतर हमखास ऐकू येणारं हे वाक्य. आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. कारण इथे दुसरं गणित आडवं येतं.

उष्णता तयार होते भांड्याच्या सगळ्या आकारमानात. पण बाहेर जाते फक्त भिंतीतून. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर आत माल मावतो ८ पट, पण भिंत वाढते फक्त ४ पट.

एक लिटरच्या काचेच्या फ्लास्कमधली रिॲक्शन त्याच आकाराच्या १० हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये नेली, तर माल वाढतो १० हजार पट आणि भिंत साधारण ४६४ पट. म्हणजे एका लिटरमागे मिळणारी थंड भिंत २० पटींहून कमी झाली. चहाचा कप दहा मिनिटांत कोमट होतो, पण लग्नातलं वरणाचं पातेलं शेवटच्या पंगतीपर्यंत वाफाळत असतं, त्याचं कारण हेच.

त्यामुळे लॅबमधल्या फ्लास्कमध्ये गरीब वाटलेली रिॲक्शन मोठ्या रिॲक्टरमध्ये गरीब राहीलच असं नाही. छोट्या भांड्यात उष्णता बाहेर निघून जाते आणि धोका दिसतच नाही. म्हणून मोठं उत्पादन सुरू करण्याआधी ‘कॅलरीमीटर’ नावाच्या उपकरणात मोजावं लागतं, की ही रिॲक्शन एकूण किती उष्णता देते, कूलिंग बंद पडलं तर तापमान कुठवर जाईल आणि तिथे आणखी एखादी नवीन रिॲक्शन सुरू होईल का.

तापमान सांभाळतं कोण?

रिॲक्टरमध्ये सेन्सर असतो. बऱ्याच ठिकाणी प्लॅटिनमच्या बारीक तारेचा. तापमान वाढलं की तारेचा विद्युतरोध वाढतो, त्यावरून तापमान कळतं. हा आकडा जातो कंट्रोलरकडे. कंट्रोलर ठरवतो की थंड पाण्याचा व्हॉल्व किती उघडायचा.

घरातल्या इस्त्रीत फक्त चालू आणि बंद एवढंच असतं. गरम झाली की बंद, थंड झाली की चालू. रिॲक्टरला हे चालत नाही. तिथे वापरतात पीआयडी कंट्रोलर. नाव जड आहे, काम सोपं आहे. समजा तुम्ही स्कूटरवर आहात आणि पुढे सिग्नल लाल आहे. तुम्ही बघता की सिग्नल किती लांब आहे. तुम्ही बघता की आपण किती वेगाने जवळ चाललोय. आणि मघापासून दाबलेला ब्रेक कमी पडत असेल तर थोडा आणखी दाबता. पीआयडी कंट्रोलरही हेच तीन हिशेब करतो. ठरवलेल्या तापमानापासून आत्ता किती लांब आहोत, आतापर्यंतची चूक किती साठली आहे आणि तापमान किती वेगाने बदलतंय.

पण कंट्रोलर कितीही हुशार असला तरी तो व्हॉल्वच उघडू शकतो. व्हॉल्वच्या मागे पाणी नसेल, लाईट जाऊन पंप बंद पडला असेल, तर तो फक्त आकडा वाढताना दाखवत राहणार.

मग एकदम थंड ठेवलं तर?

हा प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर थोडं धक्कादायक. गरजेपेक्षा थंड ठेवणंही धोक्याचं असतं.

अनेक रिॲक्शनमध्ये एक रसायन आधी भरून ठेवतात आणि दुसरं थोडं थोडं सोडतात. जेवढं सोडलं तेवढं लगेच संपलं पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. म्हणजे काही बिघडलं तर सोडणं थांबवायचं, की रिॲक्शनही थांबते. इथे ‘गॅस बंद करण्याची’ सोय आपण मुद्दाम तयार केलेली असते.

पण रिॲक्टर फार थंड असेल तर सोडलेलं रसायन संपत नाही, नुसतं साठत जातं. काटा शांत दिसतो. कुणाला वाटतं सगळं छान चाललंय. मग तापमान थोडं वर येतं आणि साठलेलं सगळं एकदम पेट घेतल्यासारखं सुरू होतं. आता सोडणं थांबवून उपयोग नसतो, कारण माल आधीच आत आहे. ढवळणारा पंखा बंद पडला आणि ‘अरे, बंद आहे वाटतं’ म्हणत तो घाईने पुन्हा चालू केला, तरी हेच होऊ शकतं. न मिसळलेले दोन थर एकदम मिसळतात.

म्हणून तापमानाला वरची मर्यादा असते तशीच खालचीही असते.

दहा मिनिटांत सगळं संपलं

रनअवे रिॲक्शन प्रत्यक्षात कशी दिसते, याचं नीट नोंदवलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. फ्लोरिडा राज्यातलं जॅक्सनव्हिल शहर, टी२ लॅबोरेटरीज नावाची छोटी कंपनी. पेट्रोलमध्ये मिसळायचं एक रसायन ती बनवायची. रिॲक्टर होता साधारण ९ हजार लिटरचा.

१९ डिसेंबर २००७ ला १७५ वी बॅच चालू होती. म्हणजे याआधी १७४ वेळा हेच काम झालेलं होतं. पद्धत अशी होती की आधी मिश्रण गरम करायचं, साधारण १४९ अंशांवर हीटिंग बंद करायचं, मग रिॲक्शनच्या स्वतःच्या उष्णतेने तापमान वाढत राहायचं आणि साधारण १८२ अंशांवर जॅकेटमध्ये पाणी सोडून कूलिंग सुरू करायचं.

त्या दिवशी कूलिंग पुरेसं झालं नाही. दुपारी १ वाजून २३ मिनिटांनी मालकांना फोन गेला की कूलिंगमध्ये अडचण आहे, या. १ वाजून ३३ मिनिटांनी रिॲक्टर फुटला. मधे फक्त १० मिनिटं. चार जण मरण पावले, त्यात परत आलेला एक मालकही होता. ३२ जण जखमी झाले, त्यातले बहुतेक आजूबाजूच्या जागांवरचे होते. रिॲक्टरचे तुकडे जवळपास दीड किलोमीटर लांब पडले.

अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने याची चौकशी केली. त्यातून तीन गोष्टी समोर आल्या. पहिली, कूलिंगला पर्याय नव्हता. पाण्याचा एकच स्रोत होता. एखादा व्हॉल्व अडकणं किंवा पाईपमध्ये क्षार साचणं, एवढं एकच कारण सगळं कूलिंग बंद पाडायला पुरेसं होतं. दुसरी, साधारण १९९ अंशांच्या पुढे त्याच भांड्यात आणखी एक, जास्त जोराची रिॲक्शन सुरू होत होती. तिचा धोका कंपनीने ओळखलाच नव्हता. तिसरी, दाब सोडण्याची सोय रोजच्या कामाच्या हिशेबाने केलेली होती, पळालेल्या रिॲक्शनचा दाब तिच्यातून बाहेर पडू शकत नव्हता.

आणि इशारे? ते मिळाले होते. सुरुवातीच्या दहापैकी तीन बॅचमध्ये तापमान अनपेक्षितपणे वाढलं होतं. पण पुढच्या बॅच नीट पार पडल्या आणि ती गोष्ट मागे पडली.

असे प्रकार दुर्मीळ आहेत का? याच बोर्डाने त्याआधी, २००२ मध्ये, एक आढावा घेतला होता. १९८० ते २००१ या काळात एकट्या अमेरिकेत नियंत्रणाबाहेर गेलेल्या रिॲक्शनच्या १६७ गंभीर घटना सापडल्या. त्यात १०८ माणसांचा जीव गेला होता.

भोपाळमध्येही बंद होतं ते कूलिंगच

भोपाळ म्हटलं की आपल्याला विषारी वायू आठवतो. पण त्या रात्रीच्या गोष्टीतही तापमान मध्यभागी आहे.

युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट हे रसायन जमिनीखालच्या टाकीत साठवलेलं होतं. ते साधारण ३९ अंशांना उकळतं, म्हणजे उन्हाळ्यातल्या विदर्भातल्या दुपारपेक्षाही कमी तापमानाला. म्हणूनच ते ० अंशांच्या आसपास थंड ठेवायचं, असा हिशेब होता आणि त्यासाठी शीतकरण यंत्रणाही होती. ती अपघाताच्या काही महिने आधी बंद करून ठेवली होती.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री टाकीत पाणी शिरलं. ते कसं शिरलं यावर वाद झाले, पण शिरलं हे नक्की. पाणी आणि ते रसायन यांची रिॲक्शन उष्णता देणारी. टाकी थंड असती तर रिॲक्शन खूप हळू झाली असती, माणसांना काहीतरी करायला वेळ मिळाला असता. टाकी थंड नव्हती. हजारो लोक मेले, लाखोंच्या तब्येतीवर परिणाम झाला.

भोपाळनंतर १९८७ मध्ये आपल्या कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. कारखान्यात काय धोके आहेत आणि अपघात झाला तर काय करायचं, याची माहिती कामगारांना आणि आसपास राहणाऱ्या लोकांना देणं बंधनकारक झालं.

मग उपाय काय आहेत?

उपाय आहेत आणि ते नवीन नाहीत. एका उपायावर विसंबायचं नाही, एकामागे एक भिंती उभ्या करायच्या, ही त्यातली मूळ कल्पना.

- आधी मोजा. रिॲक्शन किती उष्णता देते आणि कूलिंग गेलं तर काय होईल, हे मोठी बॅच घेण्याआधीच माहीत हवं.
- थोडं थोडं सोडा. शक्य असेल तिथे सगळा माल एकदम भरायचा नाही.
- इंटरलॉक लावा. तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं किंवा ढवळणारा पंखा थांबला की रसायन सोडणारा पंप आपोआप बंद झाला पाहिजे. कुणाच्या निर्णयाची वाट बघायची नाही.
- कूलिंगला जोडीदार द्या. दुसरा पंप, पाण्याचा दुसरा स्रोत, लाईट गेली तर जनरेटर. आणि तो जनरेटर सुरू होतो का, हे दर महिन्याला बघणं.
- शेवटची सोय ठेवा. रिॲक्शन मारून टाकणारं द्रव आत सोडण्याची व्यवस्था आणि दाब वाढला की आधी फाटणारी धातूची पातळ चकती, म्हणजे रप्चर डिस्क. चकती फाटते म्हणून भांडं वाचतं. पण ती पळालेल्या रिॲक्शनच्या हिशेबाने बसवलेली हवी आणि तिच्यातून निघणारा माल सुरक्षित टाकीत गेला पाहिजे.
- ऑपरेटरला अधिकार द्या. ‘बॅच वाया गेली तरी चालेल, पण थांबव’ हे ज्याला आधीच सांगितलेलं असतं, तोच वेळेवर बटण दाबतो. बॅच वाया गेली तर पगार कापला जाईल या भीतीत उभा असलेला माणूस आणखी पाच मिनिटं वाट बघतो. गणित बघितलंच आपण, ती पाच मिनिटं महाग पडतात.

पुढच्या वेळी बातमी आली की

महाराष्ट्रात डोंबिवली, तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ अशा कितीतरी ठिकाणी केमिकल कंपन्या आहेत. काही ठिकाणी कंपनीच्या भिंतीला लागून वस्ती आहे. त्यामुळे हा विषय फक्त इंजिनीअर लोकांचा राहत नाही.

राज्यात बॉयलरची तपासणी बाष्पके संचालनालय करतं, तर कारखान्यांच्या सुरक्षेचं काम औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालय बघतं. म्हणून ‘बॉयलर फुटला’ आणि ‘रिॲक्टर फुटला’ यात फक्त शब्दाचा फरक नाही. जबाबदारी कुणाची आणि प्रश्न कुणाला विचारायचे, हेसुद्धा त्यावर ठरतं.

पुढच्या वेळी अशी बातमी आली, तर व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी हे प्रश्न मनात ठेवा. फुटलं ते बॉयलर होतं की रिॲक्टर? कूलिंग चालू होतं का आणि ते बंद पडलं तर दुसरी सोय होती का? याआधीच्या बॅचमध्ये तापमान कधी वाढलं होतं का, आणि तेव्हा काय केलं? शेजारच्या वस्तीला आत काय बनतं हे माहीत होतं का?

जॅक्सनव्हिलच्या चौकशीनंतर केमिकल सेफ्टी बोर्डाने एक वेगळी शिफारस केली होती. केमिकल इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलांच्या अभ्यासक्रमातच अशा रिॲक्शनचे धोके शिकवा, असं बोर्डाने सांगितलं. कारण कंपनीच्या दोन मालकांपैकी एक केमिस्ट होता आणि दुसरा केमिकल इंजिनिअर. शिकलेली माणसं होती, १७४ वेळा काम केलेली होती. तरीही त्यांच्याच भांड्यात १९९ अंशांच्या पुढे काय आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.